सन्मान आणि संशय : पंडिता रमाबाई आणि त्यांच्याविषयीचे लोकमत

गंगामूळ हे ठिकाण बंगळूरकरांस अपरिचित नाही. चिक्कमगळूर जिल्ह्यातील कुद्रेमुखच्या डोंगररांगेत तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या जेथे उगम पावतात, त्या दाट अरण्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका मराठी शास्त्र्याने आपला आश्रम थाटला होता. अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे नाव. ते मूळचे कारकळजवळच्या माळ या गावचे. त्या आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेली त्यांची धाकटी कन्या पुढे पंडिता रमाबाई सरस्वती या नावाने देशोदेशी ओळखली गेली.

कर्नाटकातील मराठी माणसाचा इतिहास सांगताना शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीचा उल्लेख आवर्जून होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या भूमीत जन्मलेल्या, मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्या आणि मराठी स्त्रीच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या रमाबाईंचे नाव त्या ओघात क्वचितच येते. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कार्यात कमी आणि त्यांच्याविषयी समाजाने वेळोवेळी जे मत बनविले त्यात अधिक सापडते. रमाबाईंचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. येथे पाहावयाचे आहेत ते त्या लोकमताचे हेलकावे. एकाच व्यक्तीस समाजाने सरस्वती म्हणून गौरविले, धर्मबुडवी म्हणून धिक्कारले, आणि मग बराच काळ तिचे नावही घेतले नाही. या तिन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी काही समान सूत्र होते काय?

उडुपीची सभा

या कथेचा आरंभ रमाबाईंच्या जन्माआधीच होतो. अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे अध्ययनासाठी राहिले होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून हा तरुण विद्यार्थी चकित झाला आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्याने मनाशी ठरविले. घरातील विरोधामुळे पहिल्या प्रयत्नास यश आले नाही. पहिली पत्नी निवर्तल्यानंतर लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, आणि या अल्पवयीन पत्नीस मात्र अनंतशास्त्र्यांनी व्याकरणापासून पुराणांपर्यंत सर्व काही शिकविले.

त्याबद्दल त्यांना जाब द्यावा लागला. उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे त्यांना बोलावण्यात आले, आणि स्त्रीस संस्कृत शिकविणे शास्त्रविरुद्ध नाही हे त्यांनी शास्त्रवचनांच्या आधारे मांडले. त्यांना बहिष्कृत करण्यात आले नाही. पण ती मान्यता मनापासूनची नव्हती, हे त्यांनी ओळखले असावे. कारण पुढे गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहणे त्यांनी पसंत केले.

म्हणजे रमाबाईंच्या घरात शिक्षण आले ते वादाचा विषय म्हणूनच. त्यांना अक्षरओळख करून दिली ती आईने. कर्जामुळे आश्रम सोडावा लागला तेव्हा सहा महिन्यांच्या रमाबाईंना करंडीत घालून डोक्यावरून नेण्यात आले. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत, पुराणे सांगत राहिले. लक्ष्मीबाई पहाटे स्वयंपाकापूर्वी मुलीस पाठ देत. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, हजारो मैल पायी चालून १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

सरस्वती

कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या तरुणीची परीक्षा घेतली. भागवत मुखोद्गत असलेली, संस्कृतात सहज संभाषण करणारी, प्रश्नास शीघ्र उत्तर देणारी स्त्री त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वृत्तपत्रांतून तिची स्तुती झाली. गार्गी आणि मैत्रेयी यांची परंपरा अद्याप जिवंत असल्याचा पुरावाच जणू समाजास लाभला होता. परकीय राज्यकर्ते हिंदू स्त्रीच्या हीन अवस्थेवर बोट ठेवीत असताना असा पुरावा फार मोलाचा होता.

या पहिल्या सन्मानाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. समाजाने गौरव केला तो आपल्या गतवैभवाचा, आणि रमाबाई हे त्याचे प्रतीक ठरल्या. प्रतीकाकडून कोणी निर्णयाची अपेक्षा करीत नाही. परंतु रमाबाईंनी निर्णय घेण्यास सुरुवात केली. भाऊ वारल्यानंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत वेगळा होता, मातृभाषा वेगळी होती. ज्यांनी 'सरस्वती' म्हटले होते त्यांपैकी अनेकांच्या कपाळावर पहिली आठी पडली ती या वेळी. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबूंचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी तान्ह्या मुलीसह रमाबाई विधवा झाल्या.

पुणे, १८८२

त्याच वर्षी प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या बोलावण्यावरून त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांना स्त्रीशिक्षणासाठी बोलणारी स्त्री हवी होती, आणि ती आता त्यांच्यासमोर उभी होती. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. 'स्त्रीधर्मनीति' हे रमाबाईंचे पुस्तक प्रसिद्ध झाले. घरोघरी व्याख्याने होऊ लागली.

त्या व्याख्यानांना जाणाऱ्या स्त्रियांना काय सोसावे लागले याचे चित्र रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात रेखाटले आहे. घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेने अशा सभेस जाणे रुचत नसे. टोमणे, अबोला, सोवळ्याओवळ्यावरून होणारी अडवणूक ही त्या काळची शस्त्रे होती. वृत्तपत्रांतही कुरबूर सुरू झाली. अनिष्ट चाली घालविणे हे पुरुषांचे काम असून स्त्रियांनी त्यात इतक्यात पडू नये, असा 'केसरी'चा सूर होता.

सप्टेंबर १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री निरीक्षक असाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या देशातील शिकलेल्या पुरुषांपैकी शंभरातील नव्व्याण्णव स्त्रीशिक्षणास प्रतिकूल आहेत, असेही त्यांनी सांगितले. आज या मागण्यांत वादग्रस्त असे काहीच वाटत नाही. मुलींच्या शिक्षणाची पाहणी करण्यास स्त्री अधिकारी असावी ही गोष्ट आपण गृहीत धरतो. त्या काळी मात्र ती मागणी एका स्त्रीने, सरकारी आयोगापुढे, स्वतःच्या तोंडाने केली याचाच अनेकांना धक्का बसला.

हेच वर्ष ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या ग्रंथाचे. बुलढाण्याच्या या बाईंनी पुरुषांच्या दुटप्पी नीतीवर जे कोरडे ओढले, त्यांस मिळालेले उत्तर म्हणजे उपेक्षा आणि कुचेष्टा. दोघींची घडण, जात आणि भाषाशैली वेगळी होती, पण दोघींना एकाच भिंतीशी सामना करावा लागला. आणि दोघींची बाजू छापील शब्दांत घेणारी व्यक्तीही एकच होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकांतून आधी रमाबाईंचे आणि मग ताराबाईंचे समर्थन केले.

दुसरे जोखड नको

फुल्यांना हे समर्थन करावे लागले, कारण मधल्या काळात सर्वांत मोठा स्फोट होऊन गेला होता. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या इच्छेने, पुस्तकाच्या विक्रीतून काही खर्च भागवून, रमाबाई १८८३ मध्ये विलायतेस गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्यांचा मुक्काम होता. तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात या बातमीने जो क्षोभ झाला तो समजण्याजोगा आहे. राज्य परक्यांचे, आणि राज्यकर्त्यांचा धर्म आपल्यातील सर्वांत विद्वान स्त्रीने स्वीकारलेला. सुधारकांची तर पंचाईतच झाली. मुली शिकल्या की धर्म सोडतात, हे सनातन्यांचे भाकीत खरे ठरल्यासारखे दिसत होते. ज्यांनी आपल्या घरातील विरोध सोसून स्त्रियांना सभेस पाठविले होते, त्यांना आता घरातच उत्तर देणे कठीण झाले.

इकडे असे वादळ उठले असताना विलायतेत काय चालले होते, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. ज्यांच्या धर्मात त्या गेल्या होत्या, त्यांचेही रमाबाईंशी जमत नव्हते. रमाबाई प्रश्न विचारीत. चर्चची सर्व मते त्या डोळे मिटून स्वीकारीत नसत. मांसाहार त्यांनी पत्करला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी प्राचार्या डोरोथिया बील यांना कळविले की, पुरुषांना शिकविण्यास ना आपल्या वडिलांनी कधी आडकाठी केली, ना पतीने, मग परक्या देशातील धर्माधिकाऱ्यांनी ती करावी याचे आश्चर्य वाटते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे त्यांचे पत्रही प्रसिद्ध आहे. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला.

येथे एक गोष्ट लक्षात येते. पुण्यातील टीकाकार आणि वाँटेजच्या भगिनी यांचे एकमेकांशी कशातही जुळत नव्हते. तरी दोघांची तक्रार मात्र सारखीच होती. बाई विदुषी आहे, पण ऐकत नाही.

घरची लक्तरे

मार्च १८८६ मध्ये आपल्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि पुढची सुमारे तीन वर्षे तेथेच राहिल्या. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, केशवपन, शिक्षणाचा अभाव यांचे त्यातील वर्णन वाचून अमेरिकेतील अनेकांची मने हेलावली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढण्यास तिने दहा वर्षांचे साहाय्य कबूल केले.

मायदेशी या पुस्तकाचे स्वागत संमिश्र होते. वर्णन खोटे आहे असे म्हणणारे थोडे. घरची लक्तरे परक्यांच्या वेशीवर टांगली, ही खरी तक्रार होती. पुढे स्वामी विवेकानंद अमेरिकेत व्याख्याने देत असताना ब्रुकलिनच्या रमाबाई मंडळाशी त्यांचा याच विषयावर जाहीर वाद झाला. हिंदू विधवांच्या हालांचे तेथे रंगविले जाणारे चित्र अतिरंजित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वसाहतीत राहणाऱ्या समाजाचे हे खरे दुखणे आहे. घरातील दोष घरात बोलावा तर ऐकणारे कोणी नाही, आणि बाहेर बोलावा तर शत्रूच्या हाती कोलीत. रमाबाईंनी ऐकणारा श्रोता निवडला आणि त्याची किंमत मोजली. त्याच काळात त्यांनी अमेरिकेची लोकस्थिती आणि आपले प्रवासवृत्त मराठीतही लिहून १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. पारतंत्र्यातील वाचकांसमोर एका प्रजासत्ताक देशाचे, तेथील शाळांचे आणि स्त्रियांच्या संघटनांचे इतके साद्यंत वर्णन मराठीत करणारे ते पुस्तक होते. वादाच्या धुरळ्यात त्याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

शारदासदन आणि पालकांचा विश्वास

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही निवासी शाळा होती. स्वयंपाक आणि सोवळे जातिनियमांनुसार पाळले जाई. आपापली पूजाअर्चा करण्याची मुलींना मुभा होती. धर्माची सक्ती होणार नाही असे वचन होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी विश्वासार्ह माणसे सल्लागार मंडळात असल्यामुळे पालक धीर करून मुलींना पाठवू लागले. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, त्यांत रमाबाई होत्या. काही काळ असे वाटले की जुने वैर मिटले.

पुढे जे घडले, त्याकडे कोणत्याही शाळेने आणि कोणत्याही पालकाने लक्षपूर्वक पाहावे असे आहे.

रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीसह ख्रिस्ती प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी तेथे येऊन बसू लागल्या. रमाबाई त्यांना बोलावीत नसत, पण येणाऱ्यांस परत पाठवीतही नसत. अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याचा मजकूर आला आणि येथे ठिणगी पडली. 'केसरी'ने हा विषय लावून धरला. शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतराचा घाट घातला जात आहे, असा थेट आरोप झाला. अखेर ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांचे सहकारी यांनी सल्लागारपदाचा त्याग केला. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात कोणाचे खरे? सव्वाशे वर्षांनंतर एका बाजूस सरसकट प्रतिगामी आणि दुसरीस सरसकट पुरोगामी ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की, सक्ती न करण्याचे वचन आपण पाळले आहे. आपली स्वतःची श्रद्धा लपवून ठेवण्याचे वचन आपण कधीच दिले नव्हते. हिंदू मुलीस आपल्या देवाची पूजा करण्याची मोकळीक असेल, तर तिला प्रार्थनेस येऊन बसण्याचीही मोकळीक असली पाहिजे. हे म्हणणे तर्कास धरून आहे.

रानडे आणि भांडारकर यांचे म्हणणे असे की, आश्रित मुलीच्या बाबतीत सक्ती आणि प्रभाव यांतील सीमारेषा फार पुसट असते. जिला सासरी थारा नाही, माहेरी मान नाही, तिला प्रथमच मायेने वागविणाऱ्या बाईंचा धर्म आपलासा वाटू लागला, तर ती निवड कितपत स्वतंत्र म्हणावी? शिवाय पालकांनी मुली पाठविल्या होत्या त्या या सल्लागारांच्या शब्दावर. तो शब्द टिकत नाही असे वाटल्यावर बाजूला होणे त्यांना क्रमप्राप्त होते. हेही म्हणणे तितकेच सयुक्तिक आहे. १८९५ च्या अखेरीस शारदासदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची भीती निराधार नव्हती हेही दिसून आले.

मात्र दोन्ही बाजूंच्या लेखांत आणि पत्रांत एक आवाज फारसा ऐकू येत नाही. तो त्या मुलींचा. त्यांना काय हवे आहे हे पालकांनी सांगितले, संपादकांनी सांगितले, सल्लागारांनी सांगितले, बोस्टनच्या मंडळींनी सांगितले. शाळेत राहिलेल्या आणि शाळेतून काढून नेलेल्या मुलींच्या वतीने सारेच बोलत होते. ज्या स्त्रियांना स्वतःचे मत असावे म्हणून शाळा काढली, त्यांचे मत विचारण्याची रीत अजून पडावयाची होती.

गोदूबाई

तरीही त्या मुलींपैकी एकीने काय केले हे ठाऊक आहे. शारदासदनात सर्वप्रथम दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातून आलेल्या गोदूबाई. शाळा उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. रमाबाईंच्या सहवासात चार वर्षे राहूनही त्यांनी धर्म बदलला नाही. रूढीही पाळली नाही. कर्व्यांच्या मुरूड गावाने या दांपत्यावर बहिष्कार घातला.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्यास गेला, आणि १९१६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून महिला विद्यापीठ उभे राहिले. शारदासदनावर अविश्वास दाखविणाऱ्या समाजास हिंदू व्यवस्थापनाखालील विधवागृह हवे होते आणि कर्व्यांनी ते दिले, असा या घटनेचा अर्थ लावला जातो. तो खराच आहे. परंतु ज्या घरातून हे कार्य उभे राहिले, त्या घरची गृहिणी शारदासदनात शिकली होती. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी तर कर्व्यांच्या संस्थेसाठी निधी गोळा करण्यात आयुष्य घालविले. वादात हरलेल्या शाळेचे बी असे प्रतिपक्षाच्या शेतात रुजले.

केडगाव आणि नंतरचे मौन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले आश्रयास होती. शेती, विणकाम, छपाई, अंधांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण असे नाना उद्योग तेथे चालत. आता ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. पुण्याच्या समाजाशी असलेला त्यांचा संबंध जवळजवळ संपला.

मधेच एक प्रसंग असा आला की जुन्या छावण्यांची सरमिसळ झाली. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात स्त्रियांच्या वाट्यास आलेल्या वागणुकीविषयी रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात तक्रार प्रसिद्ध केली. सरकारने ती चुकीची ठरविली, आणि विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत त्याची चर्चा गेली. प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाविरुद्ध 'केसरी'ही लिहीत होताच. राज्यकर्त्यांचा धर्म घेतलेली बाई राज्यकर्त्यांचीच चूक दाखवीत होती. ज्यांनी तिला सरकारधार्जिणी ठरविले होते, त्यांना हे उत्तर पुरेसे असावयास हवे होते. पण एकदा बसलेला शिक्का पुसला जात नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यानंतर बराच काळ मराठी समाजाने त्यांच्याविषयी मौन पाळले. समाजसुधारकांच्या नामावळीत त्यांचे नाव येई, पण एखाद्या ओळीपुरते. देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० मध्ये लिहिलेले चरित्र, १९७७ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रसंग्रह, १९८९ मधील टपाल तिकीट, आणि पुढे उमा चक्रवर्ती व मीरा कोसंबी यांचे संशोधन यांमुळे त्या पुन्हा वाचकांसमोर आल्या. विशेषतः त्या पत्रांमुळे वाचकांस कळले की, ज्या स्त्रीस आपण परधर्माची बाहुली समजत होतो, ती त्या धर्माच्या अधिकाऱ्यांशीही तितक्याच निर्भयपणे भांडत होती.

लोकमताचे सूत्र

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. कलकत्त्याच्या पंडितांस रमाबाई हव्या होत्या, कारण त्या प्राचीन परंपरेची साक्ष होत्या. पुण्याच्या सुधारकांस हव्या होत्या, कारण त्या स्त्रीशिक्षणाचे जिवंत उदाहरण होत्या. वाँटेजच्या भगिनींस हव्या होत्या, कारण विदुषी ब्राह्मणीने ख्रिस्ती धर्म स्वीकारणे हा मोठा विजय होता. प्रत्येकाने त्यांना आपल्या पक्षाची साक्षीदार म्हणून उभे केले, आणि साक्षीदार स्वतःच्या मनाने बोलू लागताच प्रत्येकास ती विश्वासघातकी वाटली. सन्मान आणि संशय यांचे मूळ एकच होते.

रमाबाईंच्या प्रत्येक निर्णयाशी सहमत असणे आवश्यक नाही. त्यांच्या धर्मांतराविषयी, अमेरिकेत त्यांनी केलेल्या प्रचाराविषयी, शारदासदनातील त्या उघड्या दाराविषयी आजही दोन प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतात. मात्र त्या मतभेदांमुळे शिक्षिका, निरीक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची मागणी १८८२ मध्येच करणारी ही स्त्री आपल्या इतिहासातून गाळून टाकणे म्हणजे आपलेच नुकसान करून घेणे होय.

मराठी मुलखाबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आणि तीत आपली मुले घालणाऱ्या समाजास हा प्रश्न थोडा अधिक जवळचा आहे. परमुलखात राहणारा समाज आपली भाषा, आपले सण, आपले संस्कार जपण्यासाठी शाळा काढतो, आणि शिकलेली मुलगी पुढे आपल्याहून निराळा निर्णय घेते तेव्हा त्याला वाटते की शाळा चुकली. भाषा कोणती बोलावी, विवाह कोणाशी करावा, व्यवसाय कोणता निवडावा, देव मानावा की न मानावा, या प्रत्येक बाबतीत घरोघरी लहानमोठे १८९३ घडत असते. अशा वेळी पालकांची चिंता खोटी नसते आणि मुलीचे म्हणणेही खोटे नसते. पुण्याच्या त्या वादात जे राहून गेले, ते निदान आपल्या घरी करता येण्याजोगे आहे. निर्णय देण्यापूर्वी तिला विचारावे आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

गंगामूळच्या अरण्यात पहाटेच्या काळोखात लक्ष्मीबाईंना व्याकरण शिकविणाऱ्या अनंतशास्त्र्यांना आपल्या मुलीचे पुढे काय होईल याची कल्पना असणे शक्य नव्हते. ते स्वतः निष्ठावान वैष्णव होते. मुलीने घेतलेले निर्णय पाहण्यास ते हयात असते, तर त्यांतील कित्येक त्यांना रुचले नसते. परंतु उडुपीच्या सभेत त्यांनी बाजू मांडली ती स्त्रीच्या शिकण्याच्या अधिकाराची. शिकून तिने काय व्हावे, याची अट त्यांनी त्या अधिकारास जोडली नव्हती.